गाडी खोटी का होते?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतला कापूस शेतातून घरी येतो तो साधारण सप्टेंबर ते जानेवारी या काळात. चोपडा, यावल, शिरपूर या तापीकाठच्या पट्ट्यात मेअखेरीस ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी आधी फुटते. पावसाच्या भरवशावर पेरलेली कोरडवाहू दसऱ्याच्या पुढे. पूर्वी त्यानंतरही फरदड ठेवली जाई, म्हणजे वेचलेली कपाशी न उपटता राखली जाई, आणि मार्चपर्यंत थोडाथोडा कापूस येत राही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला, तेव्हापासून डिसेंबरअखेर शेत मोकळे करा असा कृषी खात्याचा आग्रह आहे. किडीचा विचार करता तो बरोबरच आहे, पण त्याने आखूड हंगाम आणखी आखडला. पैशाची निकड तर त्याहूनही थोड्या दिवसांत दाटलेली असते. वेचणीची मजुरी किलोमागे रोख द्यायची, दिवाळी करायची, हरभरा-गव्हाचे बियाणे आणायचे, सोसायटीचे देणे उभेच असते. त्यामुळे सगळ्यांचा कापूस एकदम निघतो आणि सगळ्यांना तो एकदमच विकायचा असतो.

घेणाऱ्या बाजूची ताकद मात्र तेवढीच राहते. खरेदी केंद्रावर भुईकाटा एक, ग्रेडर एक किंवा दोन, हमालांची टोळी ठरलेली, जिनिंगमधली यंत्रे मोजकी. मग फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात, ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर झोपलेला माणूस. ‘गाडी खोटी झाली’ असे म्हणतात ते याला. खोटी म्हणजे काम न होता गेलेला वेळ, आणि तो फुकट नसतो, कारण भाड्याचा ट्रॅक्टर असेल तर दिवसाची खोटी वेगळी मोजावी लागते. व्यवस्थापनशास्त्रात या विषयाची दोन नावे आहेत. किती काम पेलेल एवढी यंत्रणा उभी करायची, हा क्षमतेच्या नियोजनाचा प्रश्न. आणि ती उभी केल्यावरही लोक का खोळंबतात, हा रांगेचा प्रश्न. पहिला भागाकाराने सुटल्यासारखा वाटतो. दुसरा तसा सुटत नाही.

रांगेचे गणित कापसातून नव्हे, टेलिफोनमधून आले. डेन्मार्कमधला आगनर एरलांग हा गणिती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करत असे. एका एक्स्चेंजला किती तारा पुरतील म्हणजे बोलणाऱ्याला फार थांबावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा सवाल. १९०९ मध्ये त्याने त्यावरचा पहिला लेख छापला. लोक फोन केव्हा करतील याला नेम नाही आणि किती वेळ बोलतील यालाही नाही, तरी त्या बेभरवशाला नियम आहे, हे त्याने दाखवले. टेलिफोनच्या वाहतुकीचे एकक आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. ग्रेडरपुढच्या ट्रॉल्यांना हेच गणित लागू पडते.

समजा, ग्रेडरला एका गाडीमागे सरासरी सहा मिनिटे लागतात, म्हणजे तासाला दहा गाड्या. तासाला आठ आल्या तर? दहाची ताकद, आठचे काम, रांग लागायचे कारण नाही असे कोणीही म्हणेल. पण गाड्या साडेसात मिनिटांच्या अंतराने शिस्तीत येत नाहीत. एकाच गावच्या चार मिळून निघतात, मग अर्धा तास कोणी नाही. तपासणीचा वेळही सारखा नसतो. या दोन्ही गोष्टी पूर्ण बेभरवशाच्या धरल्या, तर आठच्या वेगाला एका गाडीला फाटकापासून तपासणी संपेपर्यंत सरासरी ३० मिनिटे लागतात. तासाला नऊ आल्या तर एक तास. साडेनऊ आल्या तर दोन तास. ९.८ आल्या तर पाच तास. आठवरून साडेनऊ म्हणजे ओघ पाचव्या हिश्शानेसुद्धा वाढलेला नाही, पण थांबणे चौपट झाले. क्षमता अजूनही ओलांडलेली नाही, हे इथे लक्षात घ्यायचे.

असे होते कारण गेलेला रिकामा वेळ परत वापरता येत नाही. सकाळी दहा ते साडेदहा ग्रेडर चहा पीत बसला, तो अर्धा तास दुपारी एकदम आलेल्या गाड्यांच्या कामी पडत नाही. ओझे ऐंशी टक्के असते तेव्हा पुढे कुठेतरी मोकळा वेळ सापडतो आणि साचलेली रांग त्यात विरते. पंच्याण्णव टक्क्यांवर असा मोकळा वेळ जवळजवळ उरतच नाही, म्हणून सकाळचा खोळंबा संध्याकाळपर्यंत पुढे सरकत राहतो. ‘यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू आहे’ हे वाक्य अहवालात शोभते, पण फाटकाबाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा कळतो.

ग्रेडरच्या सहा मिनिटांत काय होते ते पाहिले की बेभरवसा कुठून येतो हे समजते. तो ट्रॉलीच्या वरच्या कापसाकडे फारसे पाहत नाही. वरचा कापूस नेहमीच चांगला असतो. कोपरापर्यंत हात आत घालून मधला मूठभर ओढून काढतो, सरकीवरून धागा सोडवतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तोडतो आणि लांबी अंदाजतो. मग ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर त्या प्रतीचा पूर्ण भाव, बारापर्यंत प्रमाणात कपात, त्यापुढे गाडी परत. सगळे ठीक असेल तर हे तीन मिनिटांत आटोपते. यंत्राने साडेबारा दाखवले की मात्र घोळ सुरू होतो. दुसरीकडे लावा, खालच्या थरात लावा, काल घरी नऊ होता. त्यात खोटे काहीच नसते. डिसेंबरची रात्र रस्त्यावर उघड्या ट्रॉलीत काढलेला कापूस दव पितो, म्हणजे रांगेनेच ओला केलेला कापूस रांगेच्या टोकाला नाकारला जातो. शिवाय कोणाच्या सातबाऱ्यावर कपाशीची नोंद नसते, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते. अशा एका गाडीला वीस मिनिटे गेली की मागच्या सगळ्यांची वीस मिनिटे जातात.

म्हणून ग्रेडरला घाई करायला सांगण्यापेक्षा कामातला चढउतार कमी करणे जास्त फळते. प्रत्येक गाडीला नेमकी सहाच मिनिटे लागली, ना कमी ना जास्त, तर तासाला नऊ गाड्यांच्या ओघात तपासणीआधीचे सरासरी थांबणे ५४ मिनिटांवरून २७ वर येते. ग्रेडर तोच, वेगही तोच. कागदपत्रे दुसऱ्या टेबलावर आधीच पाहून घेणे, शंकेची गाडी बाजूला घेऊन मागचीला वाट देणे, हे उपाय इतके साधे आहेत की ते कोणी क्षमतेच्या हिशेबात धरतच नाही. इंग्रज गणिती जॉन किंगमन यांनी १९६१ मध्ये हीच गोष्ट सूत्रात बसवली. थांबणे तीन गोष्टींच्या गुणाकाराने वाढते: यंत्रणेवरचे ओझे, येण्यातला आणि कामातला चढउतार, आणि एका कामाला लागणारा वेळ.

दोन ग्रेडर असतील तर रांगा दोन कराव्यात की एक? बहुतेक ठिकाणी दोन लागतात आणि आपली निवडलेली रांगच नेमकी तुंबते, असा प्रत्येकाचा अनुभव असतो. दोन्हीकडे तासाला नऊ-नऊ गाड्या आल्या तर प्रत्येक रांगेत सरासरी ५४ मिनिटे जातात. त्याच अठरा गाड्या एका रांगेत लावून जो ग्रेडर मोकळा होईल त्याच्याकडे पुढची पाठवली, तर थांबणे साडेपंचवीस मिनिटांच्या आसपास येते. यात एक रुपयाचाही खर्च नाही. एक ग्रेडर रिकामा आणि दुसऱ्यापुढे चार गाड्या, असा प्रसंगच एका रांगेत येत नाही.

हे सगळे ग्रेडरपुरते झाले. पण गाडी तिथे अडलेली नसतेच, अशीही वेळ येते. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी सीसीआय, स्वतःची जिनिंग चालवत नाही. हंगामापुरते खासगी जिनिंग-प्रेसिंग कारखाने करारावर घेते आणि त्यांच्याच आवारात खरेदी करते. आवारात आलेला कापूस सरकी काढून रुई होतो, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते, गाठी गोदामाला जातात आणि सरकी तेल गिरणीला. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. आता २४ डबल रोलर यंत्रे असलेला कारखाना धरू आणि एक यंत्र तासाला ५० किलो रुई काढते असे मानू. सोळा तासांत सुमारे ११३ गाठी झाल्या, म्हणजे ५६५ क्विंटल कापूस संपला. पंचवीस क्विंटलच्या ट्रॉल्या धरल्या तर बावीस-तेवीस. आणि ग्रेडर तर आठ तासांत ऐंशी ट्रॉल्या तपासू शकतो. तसे केले तर रोज चौदाशे क्विंटलहून जास्त कापूस आवारातल्या गंजीवर चढेल. गंजीला आगीची भीती असते म्हणून दोन गंजींत अंतर सोडावे लागते. जागा दिसते त्याहून लवकर संपते. मग एके दिवशी फाटकावर पाटी लागते: जागेअभावी खरेदी बंद.

हंगामात अशा बातम्या आल्या की दोष बहुतेक ग्रेडरला जातो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत अरुंद कडीएवढी असते, आणि ती कडी जागा बदलते. हंगामाच्या आरंभी ती ग्रेडरकडे असते, आवार भरले की जिनाकडे जाते. सरकीला गिऱ्हाईक नसले किंवा गोदाम गाठी घेईना, तर जिन चालू असूनही अडते. अवकाळी पावसाचे ढग आले तर सगळे हमाल गंजी झाकायला पळतात आणि त्या दिवशी ती कडी हमालांकडे असते. अरुंद नसलेल्या जागी माणूस किंवा यंत्र वाढवले तर रांग फक्त फाटकाबाहेरून फाटकाच्या आत येते.

मग जिनांची यंत्रेच का वाढवत नाहीत? चैत्र-वैशाखात हे कारखाने बंद असतात. चामड्याचे रोलर बदलायचे, यंत्रे पुसून ठेवायची, एवढेच काम. बँकेचे व्याज आणि विजेचा स्थिर आकार मात्र बारा महिने चालू. खान्देशातल्या जिनिंगवाल्यांची गेल्या काही हंगामांतली तक्रार तर उलटीच आहे: कपाशीचा पेरा घटला, मक्याकडे वळला, यंत्रांना पुरेसा कापूस मिळत नाही. रस्त्यावर रांग आणि वर्षाच्या हिशेबात रिकामी यंत्रे, या दोन गोष्टी एकाच तालुक्यात एकाच वर्षी खऱ्या असू शकतात, कारण वर्षाची सरासरी आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा यांचा फारसा संबंध नसतो.

रांग नेमकी किती दिवसांची आहे, हे रांगेतल्या माणसालाही काढता येते. फाटकाबाहेर आणि आत मिळून २४० गाड्या उभ्या आहेत आणि केंद्र दिवसाला ६० गाड्या मोकळ्या करते, तर थांबणे चार दिवसांचे. हा साधा भागाकार अगदी सर्वसाधारण परिस्थितीतही खरा असतो, हे अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्येच सिद्ध केले आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. केंद्रावर रोज सकाळी एका फळ्यावर हे दोन आकडे लिहिले तरी निम्मे लोक निदान घरी जाऊन झोपतील.

ऐन भरात मात्र ओघ क्षमतेच्या वरच जातो आणि तेव्हा रांगेचा स्वभाव बदलतो. रोज ९० गाड्या येतात आणि ६० सुटतात, असे दहा दिवस चालले की ३०० गाड्या साचतात. शेवटच्या गाडीपुढे पाच दिवसांचे काम. अकराव्या दिवसापासून ओघ ५० वर आला. संकट टळले असे वाटेल, पण रांग रोज दहानेच घटते, म्हणजे ती संपायला आणखी तीस दिवस. दहा दिवसांच्या लोंढ्याला महिन्याची शेपटी. त्यात भाव पडणार किंवा केंद्र बंद होणार अशी आवई उठली की ज्यांना घाई नव्हती तेही गाडी जुंपतात, आणि तीच आवई खरी होते.

महाराष्ट्राने याचा सर्वांत मोठा अनुभव घेतला तो कापूस एकाधिकार खरेदी योजनेत. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासून प्रत्यक्षात राज्यातला कापूस घेण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे आला; पुढे हे काम कापूस उत्पादक पणन महासंघाकडे गेले. भावाच्या बाजूने योजनेचे काय व्हायचे ते झाले. रांगेच्या बाजूने पाहिले तर अनेक दारांनी जाणारा कापूस एका दाराकडे वळला. बैलगाड्यांचे तांडे केंद्रापुढे मुक्कामाला असत, बैलांचा कडबा गाडीखाली बांधून. कापूस दिला तरी चुकाऱ्याची वाट पाहणे ही दुसरी रांग होती, तिच्यात गाडी दिसत नसे एवढेच.

रांग नको असलेला माणूस बाहेर पडतो, आणि खान्देशात त्याच्यासाठी दार उघडे असते: खेडा खरेदी. व्यापारी गावात येतो, अंगणात काटा टांगतो, ओलाव्याची चिकित्सा करत नाही, रोख मोजतो. भाव हमीभावाहून कमी. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. समजा, व्यापारी त्याहून ५०० कमी देतो आणि घरात २० क्विंटल आहे, तर फरक दहा हजारांचा. त्यातून ट्रॅक्टरची खोटी, दोन-तीन दिवसांची मजुरी, गाडी परत यायची जोखीम आणि चुकाऱ्यापर्यंतचे दिवस वजा केले की हातात फार उरत नाही. घरात कापूस ठेवावा तर वजन घटते, आणि कापसाने अंगाला सुटलेली खाज लहान मुलांना झोपू देत नाही. खेडा खरेदीचा भाव म्हणूनच हमीभावाइतकाच रांगेच्या लांबीवरही ठरतो. रांग वाढली की व्यापाऱ्याला भाव वाढवायची गरज उरत नाही. लहान शेतकरी आधी रांग सोडतो, कारण त्याची अर्धी ट्रॉली आणि मोठ्याची भरलेली ट्रॉली यांना खोटी सारखीच लागते.

२०२५ च्या हंगामापासून सीसीआयने ‘कपास किसान’ हे मोबाइल अ‍ॅप आणले: आधी नोंदणी, मग ठरावीक दिवसाची वेळ. रांगेच्या शास्त्राप्रमाणे ही दिशा योग्य आहे, कारण येण्यातला बेभरवसा त्यामुळे कमी होतो आणि कापूस रस्त्याऐवजी घरी थांबतो, दव न पिता. पण वेळ वाटल्याने क्षमता वाढत नाही. केंद्र दिवसाला साठच गाड्या घेत असेल तर एकसष्टावा माणूस आता रस्त्यावर न दिसता मोबाइलवर थांबलेला असतो, आणि अशी रांग न दिसल्यामुळे ती नाही असे मानण्याचा मोह होतो. वेळा वाटतानाही काही मोकळ्या सोडाव्या लागतात, कारण पावसाने वेचणी अडलेला माणूस ठरल्या दिवशी येत नाही आणि परत गेलेली ओली गाडी न ठरलेल्या दिवशी येते.

कापूस निदान थांबू शकतो. रावेर, सावदा, यावल भागातल्या केळीला ती मुभा नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी कापली की पिकण्याकडे निघाली. म्हणून तिथे माल आधी आणून गाडीची वाट पाहत नाहीत. व्यापारी, कापणीची टोळी आणि ट्रक किंवा रेल्वेची वॅगन ठरली की मगच घडाला कोयता लागतो. रांग असते, पण ती बागेत उभी असते. एकदम निसवलेल्या बागा एकदमच कापणीला येतात, टोळ्या पुरत नाहीत, आणि घड झाडावरच पुढे जाऊ लागतो. मग भाव कोण ठरवतो हे सांगायला नको.

रांग लागण्याआधीच मागणी क्षमतेच्या मापात कापून घेण्याची रीत खान्देशात जुनी आहे. पांझरेच्या काठी, साक्री आणि धुळे तालुक्यांत, नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. वर्षाच्या आरंभी गावकरी बसून ठरवत, की यंदाचे पाणी पाहता कोणता फड उसाला, कोणता रब्बीला आणि कोणता पडीक. पाणी सोडण्याचा क्रम ठरलेला आणि तो पाळायला पाटकरी नेमलेला. प्रत्येकाची थोडी जमीन बहुधा प्रत्येक फडात असे, म्हणून एक फड कोरडा राहिला तर तोटा सगळ्यांना वाटून येई.

कपाशीचा पेरा असा कोणी बसून ठरवत नाही. तो ज्याचा त्याने जूनमध्ये ठरवलेला असतो, आणि केंद्रे किती आणि कुठे, हे निविदा निघून ठरते ते पीक बोंडावर आल्यावर. पण तोवर ई-पीक पाहणीत तालुक्याचा पेरा नोंदलेला असतो, आणि त्यावरून हिशेब करता येतो. समजा, तालुक्यात तीस हजार हेक्टर कपाशी आहे आणि हेक्टरी दहा क्विंटल उतारा: तीन लाख क्विंटल. तिसरा हिस्सा हमीभावाला आला तर एक लाख. वर धरलेला कारखाना दिवसाला ५६५ क्विंटल घेतो. म्हणजे १७७ दिवसांचे काम, आणि भराचे दिवस पंचाहत्तर. भागाकार केला तर कारखाने लागतात २.३६, आणि निविदेत बहुधा अडीचच्या जागी दोन होतात. ओझे ऐंशी टक्क्यांवरच ठेवायचे म्हटले तर लागतात तीन. अवकाळीचे दिवस यात धरलेले नाहीत.